आडवा हात

लेक सुपीरियर या बर्फगार सरोवराच्या तळाशी एक बुडालेली जुनी आगबोट आहे. बुडी मारून ती पाहायला मी शॉमबर्गच्या घरून तासन्‌तास ड्राइव्ह करून गेलो होतो. आमची बोट चालवणारी बाई साठीची असावी. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलायची कमी, पण प्रत्येक डायव्हरच्या सूटची झिप स्वतः ओढून बघायची, शाळेत निघालेल्या पोराचा स्वेटर बघावा तशी.

डेकवर गोठवणारा वारा होता. पाण्यात उतरण्याआधी मी सवयीनं रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा देणारी तोटी, तोंडात धरून दोन श्वास घेतले. कोमट समुद्रात डायव्हिंग शिकलेला माणूस हे करतोच. तिनं हात आडवा धरला. "आज तू जायचं नाहीस."

मी चिडलो. एवढ्या लांबून आलो होतो यार! तिनं माझा रेग्युलेटर पाण्यात सोडला. माझ्या श्वासातली वाफ आत गोठली होती. झडप मिटेचना, हवा भसाभसा बाहेर पडू लागली. खोल तळाशी टाकी अशीच रिकामी झाली असती.

"जहाज कुठे पळून जात नाही," माझ्या हातात सूपचा मग देत ती म्हणाली.

ती आगबोट मी अजून पाहिलेली नाही. पण हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ खरवडताना तोंडातून वाफ निघते, तेव्हा तो आडवा हात आठवतो. मग आणखी एक श्वास मी मुद्दाम घेतो.