मधलं गळतं, शेवटचं राहतं

हॉलंडमधल्या हार्लेमला राहायला गेलो त्या वर्षी माझ्याकडे दोनच गोष्टी मुबलक होत्या, वेळ आणि राग. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्या त्यांना तोंडावर सांगायच्या आणि वर पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला इतकं मानवणारं काम जगात दुसरं नसेल! ते सोडून नवऱ्यामागून आले, आणि इथे काय, तर तो आठच्या गाडीनं ॲमस्टरडॅमला गेला की घरात मी आणि खिडकीतून दिसणारी बदकं. आठवड्यातून दोनदा डच भाषेचा वर्ग असायचा. तिथे मी 'मला बटाटे आवडतात' हे वाक्य सहा प्रकारे म्हणायला शिकले होते.

शेजारचे आजोबा मला भेटले ते पाल्यामुळे. आमच्या दोन घरांच्या परसात मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण होतं. एका सकाळी ते पलीकडे वाकून सलगमचा पाला खुडत होते आणि सलगम तसेच मातीत सोडत होते. मी न राहवून विचारलं, "पाला खाता तुम्ही?" डच माणूस पाला फेकतो आणि कंद खातो, हे मला एव्हाना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एक जुडी कुंपणावरून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "म्हणजे तूसुद्धा इथली नाहीस." मी ती भाजी लसणाची फोडणी देऊन केली आणि वाटीभर त्यांना नेऊन दिली. त्यांनी दारातच उभं राहून बोटानं चाखली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी वाटी काही सोडली नाही.

तिथेच दारावर पितळी पाटी होती. मराठी माणसाला आडनाव दिसलं की गाव विचारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मी तर कोकणातली 'कर'. माझ्या मोडक्या डचमध्ये मी विचारलं, "हे आडनाव कुठलं?" ते म्हणाले, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात डोंगरात एक वाडी आहे, तिचंच नाव हे. वाडीच्या नावाचा अर्थ ओढ्यापलीकडची. तिथे सतत पाऊस, सगळं हिरवंगार, चाळीसेक उंबरे, आणि तरुण माणूस मिळेल त्या बोटीनं बाहेर पडलेला.

"अगंबाई, म्हणजे तुम्ही ओढेकर की!" मी म्हटलं आणि त्यांना 'कर' म्हणजे काय ते समजावलं. एवढा आनंद झाला मला, जणू परदेशात आपल्या तालुक्यातलंच कुणी भेटलं. पण आजोबांचं तोंड कडू झालं. "पाटीवर आहे ते माझं आडनाव नाही," ते म्हणाले. "आईचं आहे. माझं आडनाव कारकुनानं खाल्लं."

तेव्हा कळलं की स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात. आधी बापाचं, त्यामागून आईचं. रोजच्या व्यवहारात बापाचं चालतं, आणि शेवटी असलेलं आईचं बहुतेकदा गळून पडतं. आजोबा तरुणपणी समुद्राकाठच्या पोलादाच्या कारखान्यात कामाला आले, तेव्हा गेटवरच्या कारकुनानं कागदावरचा अगदी शेवटचा शब्द उचलला आणि बिल्ल्यावर चढवला. बिल्ल्यावरचं नाव पगाराच्या पाकिटावर गेलं, पाकिटावरचं घरमालकाकडे गेलं, आणि तिथून दारावर. "भांडायला भाषा नव्हती," ते म्हणाले. "भाषा आली तोवर पोरं शाळेत त्याच नावानं ओळखली जात होती."

मी एक गुण त्यांच्याकडून पटकन उचलला, तो म्हणजे अकरा वाजताची कॉफी. मी त्यांना 'आजोबा' म्हणायची, तो शब्द त्यांनी शिकून घेतला होता. ते मला 'बूरफ्राऊ' म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. चाळीस वर्षं राहूनही त्यांचं डच खडबडीत होतं आणि माझं तर लंगडंच, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं सगळं समजायचं.

अशाच एका कॉफीला त्यांनी सांगितलं की वसंतात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि त्याआधी त्यांना भाऊ सापडायला हवा. सहा वर्षांनी मोठा भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हापासून घर त्यानंच ओढलं. मग तो ब्राझीलला गेला. निघताना वेशीवर उभा राहून म्हणाला होता, बापाचं नाव तिकडे गाजवीन. काही वर्षं पत्रं येत होती, पुढे थांबली. आई आजारी पडली. शेवटच्या दिवशी तिला दिसत नव्हतं. तिनं आजोबांचा हात धरला आणि मोठ्या भावाच्या नावानं हाक मारली.

"मी ओ दिली," आजोबा म्हणाले. "म्हटलं, आलोय मी आई. बोटीनं आलो. ती हसली. मग गेली."

त्यांनी भावाला कळवायला पत्र टाकलं ते तसंच परत आलं, पत्ता बदलला होता. पुढच्या वर्षी घराला कुलूप लावून ते हॉलंडला आले. त्यानंतर भावाचं पत्र आलंही असेल, पण ते घ्यायला त्या घरात होतं कोण? "तो निरोप त्याचा होता, बूरफ्राऊ. मी मध्येच घेतला. बायकोलासुद्धा नाही सांगितलं. डॉक्टरांनी छाती उघडण्याआधी मला त्याचा त्याला द्यायचा आहे."

मी फक्त म्हटलं, "शोधू." आणि एकदा मी शोधू म्हटलं, की समोरच्याची धडगत नसते, हे माझ्या जुन्या ऑफिसातल्या कुणालाही विचारा.

आमच्याकडे एक कॉम्प्युटर होता आणि नवऱ्याच्या मते माझ्याकडे एक वेड होतं. "तुला नोकरी शोधायची होती ना? तू तर माणसं शोधायला लागलीस," तो म्हणायचा. मी लक्ष दिलं नाही. आडनाव टाकलं की ते कुठल्या देशात किती पसरलंय ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारी एक साइट होती. आजोबांच्या वडिलांचं आडनाव टाकलं आणि स्पेन दिसेनासा झाला! सगळा ठिपक्यांनी भरला. मेक्सिको, अर्जेंटिना, पेरू, क्युबा, अमेरिका, फिलिपिन्ससुद्धा. आडनावाचा मूळ अर्थ 'अमक्याचा पोरगा', आणि अमके तर गावोगाव. आपल्याकडे पाटील असावेत तसे पैशाला पासरी.

तरी मी हटले नाही. भावाचं नाव आणि वडिलांचं आडनाव घेऊन ब्राझीलच्या ऑनलाइन फोनबुकातून माणसं काढायची आणि शंभर नावांतली जवळची वाटतील अशा पाच ठिकाणी फोन करायचा, असा उद्योग डिसेंबरभर चालला. आजोबा त्यांच्या भाषेत विचारायचे, पलीकडून पोर्तुगीजमध्ये काहीतरी यायचं, आणि ते रिसीव्हर हळूच ठेवून द्यायचे. "नाही," एवढंच म्हणायचे आणि कोट चढवायचे. जानेवारीत ते जिना चढताना मध्ये थांबायला लागले. मला त्यांचा तो थांबण्याचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा.

त्या काळी आपल्याकडची पोरंटोरं एका साइटवर पडीक असायची. एकमेकांच्या पानावर 'स्क्रॅप', म्हणजे छोटे निरोप, टाकायची, 'फॅन' व्हायची, चुलत-मावस सगळ्यांना गोळा करायची. मीही तिथे कॉलेजच्या मैत्रिणींशी गप्पा मारायची. गंमत अशी, की त्या साइटवर भारतातल्यांची गर्दी, तशीच ब्राझीलमधल्यांची. म्हटलं, इथे बघू. हे सुचायला मला दोन महिने लागले, त्याची अजून लाज वाटते.

एका दुपारी डचच्या वर्गाहून वैतागून आले होते. आजोबांच्या जुन्या फोटोमागे भावाचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, तीन शब्द. ते समोर ठेवलं आणि त्याच्या नातवंडांपैकी कुणी सापडेल म्हणून नुसतं आडनाव टाइप करायला घेतलं. आता आपल्याकडे तीन शब्दांचं नाव म्हणजे काय? स्वतःचं, बापाचं, आडनाव. थोडक्यात लिहायचं तर मधलं गळतं, शेवटचं राहतं. माझ्या बोटांनी सवयीनं तेच केलं. बापाचं आडनाव गाळलं, आईचं ठेवलं. बटण दाबल्यावर चूक लक्षात आली. टेस्टर बाईची ही तऱ्हा! स्वतःला चार शिव्या देऊन पुसायला गेले, तर पडद्यावर नावं आली होती.

हजार नाही, शंभर नाही. अकरा. सगळी ब्राझीलची, त्यातली बहुतेक एकाच बंदराच्या शहरातली. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीचं नाव त्या टोकाला अकरा जणांच्या नावामागे? दुसऱ्याच पानावर विशीतली एक मुलगी होती, आणि तिच्या फोटोत शेजारी खुर्चीवर एक म्हातारा. त्याचे कान पाहून मी उठून उभी राहिले. सुपासारखे, वरच्या बाजूला दुमडलेले. तेच कान मी रोज अकरा वाजता कॉफीमागे बघत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जे आडनाव धुंडाळायला मी अर्धी पृथ्वी फिरले, ते शेजारच्या दारावर पितळेत कोरलेलं होतं. मी रोज त्याच्याखालची घंटा वाजवत होते. आजोबांच्याही मनात कधी आलं नाही, कारण भाऊ बापाचं नाव गाजवायला गेला होता. आईच्या नावानं मिरवायचा प्रसंग फक्त आपल्याच नशिबी आला, असं ते धरून चालले होते.

मी त्यांना लगेच सांगितलं नाही. कान काय, कुणाचेही सारखे असतात, आणि त्यांच्या छातीला खोटी आशा झेपली नसती. मुलीला इंग्रजीत स्क्रॅप टाकला: तुझ्या आजोबांना हॉलंडमध्ये एक भाऊ आहे का? त्यांच्या आईचं नाव काय? पाठवला आणि दोन दिवस स्वयंपाकात मीठ विसरले. नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्लं, हे त्याच्या नावावर जमा.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आईचं नाव बरोबर होतं. पुढे मुलीनं लिहिलं होतं की पोर्तुगीज रिवाज उलटा असतो, तिकडे आईचं आडनाव मध्ये आणि बापाचं शेवटी. त्यामुळे धक्क्यावरच्या कारकुनानं शेवटचं ते बापाचं असं समजून तेवढंच लिहून घेतलं. आणि शेवटी तिचेच शब्द: माझ्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता, पण तो हॉलंडमध्ये आहे हे आम्हाला माहीतच नाही. मी स्वतः त्याला किती वेळा शोधलं. पणजोबांच्या आडनावानं. हजारो माणसं निघतात हो त्या नावाची.

मी स्लीपर न घालता शेजारी धावले, थंडीत, मोज्यांवर. आजोबांनी दार उघडलं. मी बोलायचं सोडून पाटीवर बोट ठेवलं. "हे," मी म्हटलं, "हेच आहे तिकडे." त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पाटीवर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मला रडू आवरेना. मी त्यांना रागावले, "आत चला, गारठा आहे!" माझं असंच आहे, फार माया आली की ओरडते.

फोन ठरला रविवारी, इथे दुपार आणि तिकडे सकाळ असताना, आमच्याच घरून. आजोबा दाढी करून, टाय लावून आले. नवऱ्यानं फोनकार्ड खरवडून नंबर फिरवला, रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि चहाचं निमित्त करून मला स्वयंपाकघरात ओढलं. मी कुठली राहते! दारात उभी राहिले.

पलीकडून आवाज आल्याबरोबर आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. थोरला भाऊ ना. सत्तरीचा माणूस, एक हात पँटच्या शिवणीला चिकटवून, शाळेत हजेरी द्यावी तसा. आधी दोघं एकदमच बोलत होते. मग बराच वेळ फक्त आजोबा बोलले, सावकाश, जमिनीकडे बघत. त्यांच्या भाषेतला 'आई' एवढाच शब्द मला येत होता, तो चार वेळा आला. नंतर ते थांबले. रिसीव्हर कानाला घट्ट लावून ऐकत राहिले. चहा निवला.

फोन ठेवल्यावर ते खाली बसले आणि टाय सैल केला. मी पाणी दिलं. "सांगितलंत?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली.

"रागावले का?"

"नाही. पुन्हा सांग म्हणाला, तिनं कशी हाक मारली, मी काय ओ दिली. मी पुन्हा सांगितलं." आजोबांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "मग तो म्हणाला, म्हणजे मी वेळेवर पोचलो होतो."