खातं मावशींच्या नावावर

लालबागला आमच्या ओळखीच्या एका मावशींचा मसाला कुटायचा डंक आहे. तिथे प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुणाला बेडगी मिरची जास्त, कुणाला लवंगी नावालासुद्धा नको. शे-दीडशे घरांची ही प्रमाणं मावशींनी वहीतून मोबाइल अ‍ॅपवर नेली आणि तिथेच फसल्या. अ‍ॅप करून देणाऱ्याने सगळं आपल्याच ताब्यातल्या क्लाउड खात्यात ठेवलेलं. तो परदेशी गेला, फोन उचलेना, आणि एके दिवशी अ‍ॅप उघडलं तर कोरं. वही तोवर रद्दीत गेलेली. ऐन मसाल्याच्या दिवसांत मावशींनी घरोघरी फोन करून प्रमाणं पुन्हा विचारली. पण ज्या घरातली म्हातारी गेली होती, त्या घरचं प्रमाण कुणालाच सांगता येईना.

ऐकून माझं डोकंच सणकलं. मी परळची, आणि माझा धंदाही अ‍ॅप करून द्यायचाच. म्हटलं, नवं अ‍ॅप मी करते, पण खातं तुमच्या नावावर, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमचा. मी उद्या मेले तरी तुमचा मसाला अडता कामा नये. मावशी म्हणाल्या, तू काय परकी आहेस का, ठेव की तुझ्याच नावावर. झालं, तिथे मी पाऊण तास भाषण ठोकलं. माझं काम चोख असतं आणि मला ते माहीतही असतं, काय करणार?

अ‍ॅप तयार झाल्यावर डंकाशेजारी स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले. शिंकून शिंकून जीव गेला, पण दुपारपर्यंत खातं उघडून, सगळी प्रमाणं भरून मोकळी झाले. मग म्हटलं, आता पासवर्ड विसरलात असं समजा आणि स्वतः आत जाऊन दाखवा. मावशींनी हात पुसले, बटण दाबलं आणि आपल्या फोनकडे बघत राहिल्या. ओटीपी आला तो माझ्या फोनवर.

खातं उघडताना त्यांचे हात तिखटाने भरलेले, म्हणून मी पटकन माझाच नंबर घातला होता. नंतर बदलू म्हटलं आणि साफ विसरले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. लगेच त्यांचा नंबर घातला. या वेळी ओटीपी त्यांच्याकडे आला. एकेक आकडा बघून त्यांनी सावकाश दाबला, आत गेल्या, आणि मग म्हणाल्या, "तोही काही चोर नव्हता गं. माझे हात भरलेले बघून त्यानेही आपलाच नंबर घातला होता."