मुकलचा जबडा

बुर्गल एगरनं साफ केलेली हरणाची कवटी खोऱ्यात कुणीही लांबून ओळखायचं. नाकाच्या कागदासारख्या पातळ हाडांना चीर नाही, दात एक हललेला नाही, कवटी मिठासारखी पांढरी आणि शिंगं मात्र बुडापर्यंत तशीच तपकिरी.

लग्न होऊन ती आली त्याच शरदात नवऱ्यानं, लिओनहार्टनं, हरणाचं पहिलं मुंडकं धुण्याच्या खोलीत आणून टाकलं आणि म्हणाला, "माझी आई जेवणाच्या आत उरकायची." तेव्हा बुर्गलला उलटी झाली. दारात उभं राहून तो हसला, मग सासूनं पातेलं पुढं सरकवलं. पुढच्या चाळीस वर्षांत तिनं कातडी सोलली, डोळे काढले, वाकवलेल्या तारेनं मेंदू उपसला, शिंगं पाण्याबाहेर ठेवून मंद आचेवर मुंडकी शिजवली. नवऱ्याची तर केलीच, गावातल्या शिकारमंडळाच्या निम्म्या माणसांचीही केली. भिंतीवर कवट्या बसवलेल्या प्रत्येक फळीखाली नाव लिओनहार्टचं.

त्यांना मूल नव्हतं. त्यावरून लिओनहार्ट पाहुण्यांसमोर बोलायचा. "हिला मेलेल्या जिवाचं सगळं जमतं, जिवंताचं काही नाही." पाहुणे खाली बघायचे. बुर्गल कॉफी ओतत राहायची.

एका जूनमध्ये गवत कापायच्या यंत्राखाली सापडून हरणी मेली आणि पाडस उरलं. बुर्गलनं त्याला बाटलीनं शेळीचं दूध पाजलं आणि मुकल म्हणून हाक मारू लागली. शरदात ते रानात गेलं, पण गेलं तरी येत राहिलं. ती कुंपणाशी मक्याचा डबा खुळखुळवायची आणि मुकल रानातून बाहेर यायचा. यंत्रानं डावा कान फाटलेला, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागत नसे. तिसऱ्या वर्षी त्याच्या डोक्यावर सहा टोकांची अशी शिंगं आली, की रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

त्या वर्षी लिओनहार्टच्या शिकारीला पन्नास वर्षं झाली होती आणि दोन हंगाम त्याला धड नर मिळाला नव्हता. गुडघा चढू देत नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तो परतला, पाठपिशवी धुण्याच्या खोलीत उपडी केली आणि बूट काढायला बाकावर बसला.

बुर्गलनं मुंडकं उचललं. डावा कान फाटलेला होता.

"कुठं मिळाला?"

"कुंपणाच्या पलीकडं. वर कशाला चढू? तुझा डबा वाजवला." त्यानं दुसरा बूट ओढला. "आला धावत. दहा पावलांवर येऊन उभा राहिला येडा."

तिनं फाटका कान बोटांनी सरळ केला.

"रडू नकोस आता. हरीण होतं ते. आणि नाक नीट सांभाळ, हा पन्नाशीचा आहे."

बुर्गल रडली नाही. तिनं सुरी घेतली आणि कानाच्या मागून पहिला काप घातला. डोकं रात्रभर गार पाण्यात ठेवलं, तीनदा पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडा घालून दीड तास शिजवलं आणि चिमट्यानं मांसाचा प्रत्येक तंतू ओढला. मग हाड पांढरं करायच्या औषधात भिजवलेला कापूस कवटीभोवती लावला, शिंगांना थेंब लागू न देता. आयुष्यात तिनं केलेली ती सगळ्यात सुंदर कवटी होती, आणि लिओनहार्टनं ती उन्हात फिरवून बघितली तेव्हा शीळ घातली.

अडचण वेगळीच होती. तीन वर्षांचा चांगल्या शिंगांचा नर मारायला बंदी. मार्चमध्ये सरायच्या दिवाणखान्यात सगळ्या शिंगांचं प्रदर्शन लागायचं आणि तपासनीस जबड्याचे दात बघून वय ठरवायचे. चुकीच्या शिकारीवर लाल ठिपका चिकटवत. लिओनहार्ट अकरा वर्षं मंडळाचा अध्यक्ष होता. मागच्याच खेपेला एका पोरसवदा वनरक्षकाच्या फळीवर लाल ठिपका लागला, तेव्हा त्यानं त्याला खुर्चीवर उभं करून सगळ्यांना दाखवलं होतं.

"जबडा बदल," तो म्हणाला. "तळघरातल्या खोक्यात म्हाताऱ्या नरांचे आहेत."

"त्यांना भोकं पाडलेली आहेत." एकदा तपासलेला जबडा पुन्हा कुणी आणू नये म्हणून तपासनीस त्याला भोक पाडून परत देत.

"मग बुजव. तुला काय सांगायचं?"

दंतवैद्यानं दिलेलं पांढरं सिमेंट तिच्याकडं होतं. हलणारे दात ती त्यानंच बसवायची, ते दगडासारखं घट्ट व्हायचं. ती डबी तिनं फळीवरून काढली, हातात धरली आणि परत ठेवली. मग मेणबत्तीचा तुकडा वितळवला, त्यात हाडाची पूड मिसळली आणि भोक भरलं. लिओनहार्टनं चष्मा लावून अंगठा फिरवला.

"कळत नाही काही," तो खूश होऊन म्हणाला.

मार्चमध्ये दिवाणखाना भरला. बायका एका टेबलाशी केक कापत होत्या, त्यात बुर्गल होती. मुख्य तपासनीस सेवरिन हा लिओनहार्टचा शाळेपासूनचा सोबती. त्यानं आधी कवटी बघितली, मान डोलावली. मग जबडा खिडकीशी नेला आणि नख लावलं. मेण निघालं. त्यानं खिशातून काडी काढून भोकातून आरपार घातली.

"लिओनहार्ट," तो हळू म्हणाला, "हा आमच्याकडून एकदा गेलाय."

हळूहळू सगळे वळून बघू लागले. लिओनहार्टचा चेहरा लाल झाला, मग त्यानं बायकांच्या टेबलाकडं बोट केलं. "म्हातारीनं घोळ घातला. हिला आता सुधरत नाही."

"बुर्गल?" सेवरिननं विचारलं.

तिनं सुरी पुसून ठेवली. "मी घोळ घालत नाही, सेवरिन. हा बदल म्हणाला, मी बदलला. बुजव म्हणाला, बुजवला." पिशवीतून रुमाल काढून तिनं टेबलावर उलगडला. "खरा हा."

दात कोवळे आणि धारदार होते. जवळ जाऊन बघायचीही गरज नव्हती. मागच्या रांगेत तो वनरक्षक मोठ्यानं हसला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

लाल ठिपक्यावर निभावलं असतं तर एका संध्याकाळची चेष्टा झाली असती. लबाडीला माफी नव्हती. त्याच दुपारी अध्यक्षपद गेलं, परवाना कायमचा गेला, मंडळाच्या यादीतून नाव खोडलं. सरायमध्ये लोक त्याला जागा देत, पण त्याच्या टेबलाशी बसत नसत.

घरी आल्यावर तो म्हणाला, "सिमेंट होतं तुझ्याकडं."

"होतं."

"मुद्दाम केलंस."

"हो. डबा वाजवलास तेव्हा तूही मुद्दामच वाजवलास."

त्यानं हात उचलला. ती हलली नाही, तेव्हा खाली घेतला.

तो पुढं सहा वर्षं जगला. गुडघा गेला, मग कंबर गेली, मग दिवसभर दुर्बीण घेऊन खिडकीत. बुर्गलनं पातेलं धुण्याच्या खोलीतून काढून अंगणात, त्याच खिडकीखाली मांडलं. हंगामात लोक मुंडकी आणून द्यायचे आणि वास वर जायचा.

"कुणाचं?" तो वरून विचारायचा. न विचारता त्याला राहवत नसे.

ती सगळं सांगायची. कुणी मारला, कुठल्या कड्यावर, किती टोकं, वजन किती. एकही तपशील गाळायची नाही. त्यानंतर तो जेवायचा नाही आणि ती ताट उचलून कुत्र्याला घालायची.

तो गेला तेव्हा सेवरिन टोपी हातात घेऊन आला.

"मंडळानं विचार केलाय," तो म्हणाला. "झालं गेलं. शिकारी माणूस होता. तू हो म्हण, थडग्यावर शिकाऱ्याच्या मानाचा बिगूल वाजवू. त्याला तेवढंच हवं असणार बघ."

"माहितीये," बुर्गल म्हणाली. "म्हणूनच नको."

सेवरिन हातातली टोपी फिरवत उभा राहिला. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

शुक्रवारी पावसात चार माणसांनी शवपेटी खाली सोडली. पाद्री घाईत होता. बिगूल घेऊन आलेले दोघं भिंतीपलीकडं थांबले होते, कोणी बोलावतंय का बघत. बुर्गल त्यांच्याकडं बघत उभी राहिली, ते निघून जाईपर्यंत.