थरथरत्या हातासाठी रडर

माझे यजमान भिलाईच्या कारखान्यात मशीन शॉपला होते. रिटायर झाल्यावर सेक्टर १० मधलं क्वार्टर सोडून आम्ही जवळच कोहक्यात राहायला आलो, तेव्हा त्यांनी भांडी लावायच्या आधी मागच्या खोलीत व्हाइस, म्हणजे पत्रा घट्ट पकडायचा शिकंजा, बसवून घेतला. रिमोटवर पळणाऱ्या रेसिंग बोटी बनवायचा त्यांना नाद होता. रविवारी सकाळी ते आणि त्यांचे जुने दोस्त तलावावर जात, पाण्यात तरंगते डबे सोडत आणि त्यांना वळसे घालत शर्यत लावत.

एका हिवाळ्यात त्यांची बोट सरळ पळेना, सारखी डुगडुगायची. दोस्तांचं म्हणणं पडलं, रडर मोठा झाला. रडर म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उभी राहणारी पितळेची पाती. ती फिरली की बोट वळते. मोठी पाती पाणी घट्ट धरते, पण सरळ पळताना तीच बोटीला मागे ओढते, आणि वेगात जरा जास्त फिरली की बोट उलटते. लहान पातीने वेग मिळतो, पण वळणावर बोट घसरत लांब जाते. यांनी पाती कापली. मग आणखी कापली. बोट धड वळायची बंद झाली, डुगडुगणं मात्र राहिलंच. शेवटी त्यांनी पाती फिरवणारी छोटी मोटर बदलली.

"नवीन मोटर बी खराब निघाली," ते चिडून म्हणाले.

मी चहा घेऊन आत आले होते. बोट टेबलावर होती, रिमोट त्यांच्या हातात, आणि पाती सारखी डावी-उजवीकडे हलत होती. मी पातीकडे पाहिलं, मग रिमोटच्या चाकावरल्या त्यांच्या उजव्या हाताकडे. त्यांनीही तेव्हाच पाहिलं. रिमोट खाली ठेवला. पाती थांबली.

"मोटर नाई," ते म्हणाले. "हात हाये."

रायपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी काही दिवस निभेल, बरा होणार नाही. परत येताना बसमध्ये कुम्हारी गाव मागे गेल्यावर ते म्हणाले, "तुले कानस धरता येते का?"

येत नव्हती. शिकले. व्हाइसमध्ये पितळेचा पत्रा धरून मी घासायची, ते स्टुलावर बसून सांगायचे. "पुढे जाताना जोर दे. मागे येताना उचल." हात थरथरणारच, असं ते धरून चालले होते. ती थरथर पातीपर्यंत कमीत कमी पोचावी एवढंच त्यांना हवं होतं. मोटरच्या दांडीला ओळीने भोकं होती. पातीला जोडणारी तार बाहेरच्या भोकात घातली की पाती खूप फिरते, आतल्या भोकात थोडीच. आम्ही तार अगदी आत घातली. मग तेवढ्या थोड्या फिरण्यातही बोट वळावी म्हणून पाती पहिल्यापेक्षा खोल केली.

"अहो, वेग जाईल ना मग?"

"जाऊ दे. उलटी नाई होनार."

आता मीच त्यांना स्कूटीवर तलावावर न्यायची. तो हिवाळा बोट शांत पळाली, आणि दर वेळी शेवटी आली. हरल्यावर कधी धड न जेवणारा माणूस घरी येऊन सांगायचा, "एक बी डाव उलटली नाई."

पुढच्या वर्षी हात आखडू लागला. एका रविवारी रिमोटच्या वेग देणाऱ्या खटक्यावरून त्यांची तर्जनी सुटेचना. बोट भरवेगात सरळ घाटाकडे निघाली. तिथे एक म्हातारा अंघोळ करत होता. मी त्यांची तर्जनी उपसून काढली तोवर बोट म्हाताऱ्याच्या खांद्याजवळून जाऊन पायरीवर फुटली होती.

"लागलं का त्याले?"

"नाई."

"खरं सांग."

"नाई लागलं हो."

ते तिथेच पायरीवर बसले. दोस्तांनी तुकडे गोळा केले.

नंतर दोस्तांनी आम्हाला दुसरी बोट दिली. म्हणाले, वहिनी, तुम्ही चालवा, हे सांगतील. मी एकदा चालवली. पण तोवर आजाराने त्यांचा आवाजही खाली गेला होता. बोटींच्या कलकलाटात मला काही ऐकू येईना. माझी बोट वळण चुकून गवतात शिरली. वळून पाहिलं तर ते खुर्चीत ओठ हलवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी सांगून राहिलो होतो," मी जवळ गेल्यावर ते म्हणाले. "तुले ऐकूच नाई आलं."

पुढच्या रविवारी मी स्कूटी काढली, तर म्हणाले, "मले नाई यायचं."

"कावून?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता ते चालत नाहीत. मी उशा लावून बसवते, तरी एका बाजूला घसरतात. भाऊ, ओळखलं का, असं विचारणारी माणसं मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. त्यांना सगळं समजतं. काही सांगायचं असलं की मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेते. ते सांगतात, मला कळत नाही. ते परत सांगतात. मग डोळे मिटून घेतात.