तिसऱ्या पुकारीला हरकत

तुम्ही मला नेहमी विचारता ना, 'मास्तर, एवढं बोलता, एवढं वाचता, मग लग्न कसं नाही झालं?' आज सांगूनच टाकतो. चहा ओता. आणि हसायचं असेल तर आताच हसून घ्या, कारण शेवटी शेवटी तुम्ही हसलात तर मला ते आवडणार नाही. लोकांची लग्नं मोडतात हुंड्यावरून, मानपानावरून, मामाच्या रुसव्यावरून. माझं मोडलं देवाच्या राज्यावरून! आणि मोडणारा कोणी वैरी नव्हता हो. हा तुमच्यासमोर बशी धरून बसलेला गाढव होता.

गोष्ट बोरी अरबची. मी तिथे मिशनच्या शाळेत मास्तर होतो. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं राज्यांच्या बाबतीत मोठं गमतीचं चाललं होतं. आधी आम्ही मध्य प्रदेशात होतो. तिथून उचलून आम्हाला मुंबई राज्यात टाकलं, आणि आता महाराष्ट्र होणार म्हणून बोलणी सुरू होती. कागदावर कोणत्या राज्याचं नाव घालायचं, हेच आमच्या हेडमास्तरांना उमगेना. अशा दिवसांत गावातली आमची तीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी भांडत होती ती भलत्याच राज्यासाठी.

आमचे पास्टरसाहेब म्हणजे साधा माणूस. सायकलवर गावोगाव फिरणारे, आवाज इतका हळू की मागच्या चटईवर उपदेश पोचेपर्यंत आमेन व्हायचं. त्यांचं म्हणणं एकच. देवाचं राज्य प्रभू आला तेव्हाच सुरू झालं. ते आज आहे, इथे आहे, आपण एकमेकांशी कसे वागतो त्यात आहे. वर्षानुवर्षं लोक हे ऐकत होते आणि सुखाने पेंगत होते.

मग मी उन्हाळ्यात यवतमाळला दोन महिन्यांच्या बायबलच्या वर्गाला गेलो. दोन महिन्यांत माणूस जेवढा बिघडू शकतो तेवढा बिघडून परत आलो! राज्य अजून यायचं आहे, मला समजलं होतं. आधी संकटं, मग कर्णा वाजणार, प्रभू ढगांतून येणार आणि मग हजार वर्षं त्याचं राज्य. आणि हे सगळं आता तोंडावर आलेलं आहे. बोरी अरबमध्ये ही बातमी फक्त मलाच, बरं का!

येताना मी एक नकाशाही करून आणला. यवतमाळचे रहीमचाचा टांगे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडून पाच हात मांजरपाटावर जगाच्या आरंभापासून शेवटापर्यंत सगळं काढून घेतलं. शेवटच्या काळात समुद्रातून निघणारं सात डोक्यांचं श्वापद सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "मास्तर, सातच्या सात काढू का? कपडा कमी पडून राह्यला." काढली त्यांनी सात डोकी, पण दाटीवाटीत चौथं तोंड हुबेहूब आमच्या मंडळीतल्या दाजीबा पंचासारखं झालं. दाजीबाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हा दाजीबा माझा पहिला चेला. त्याला शास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. साहेबांनी एकदा भर उपासनेत त्याचं पेटी वाजवणं थांबवलं होतं, तेव्हापासून तो कोणत्याही विरुद्ध पक्षात जायला तयारच बसला होता. महिनाभरात मंडळीचे दोन तुकडे झाले. 'आलं' पार्टी आणि 'येईल' पार्टी. चर्चचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचे होते, तर येईल पार्टी म्हणे, प्रभू येऊन राह्यला, कवेलू कायले फेरता? एका घरात नवरा 'येईल' आणि बायको 'आलं'. तिने त्याचं ताट वाढणं बंद केलं. म्हणे, जेवणही येईल तेव्हा येईल!

आता यातली खरी भानगड ऐका. ज्या पास्टरसाहेबांशी मी हा वाद मांडला, त्यांच्याच मुलीशी माझं लग्न ठरलेलं होतं.

सुलोचना तिचं नाव. आमच्याच शाळेत मुलींच्या वर्गाला शिकवायची. ती कमी बोलायची आणि ऐकलेलं विसरायची नाही. मला ती आवडायची. आवडायची म्हणजे काय, तिच्या वर्गातून पाढ्यांचा आवाज आला की माझ्या वर्गातली बेरीज चुकायची. तिच्याशिवाय मला दुसरं काही नको होतं, आणि तरी मी काय केलं ते बघा.

एका रविवारी सकाळी आमची पहिली पुकार झाली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार पास्टर नवरानवरीची नावं चर्चमध्ये मोठ्याने वाचतो आणि विचारतो, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आताच सांगा. हरकत कोणी घेत नसतं. लोक तेवढ्यात खोकून घेतात, पोरांना चिमटे काढतात. सुलोचनाने मान खाली घातली. मी छाती पुढे काढली.

त्याच दिवशी दुपारी चर्चमध्ये जाहीर वाद ठेवलेला. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "हरसिंगभाऊ तांड्यावरून पहिल्यांदा आले, तेव्हा तुम्ही सरकून त्यांना चटईवर जागा दिली. राज्य म्हणजे तेच. ते वाढवत न्यायचं." आणि बसले की हो! एवढंच!

हरसिंग मागे बसला होता. वर्षापूर्वी बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या त्याच्या एकट्या घराने बाप्तिस्मा घेतला होता. ऐकेल ते खरं मानणारा माणूस. मी नकाशा सोडला, छडी घेतली आणि म्हणालो, "चटईएवढं राज्य! साहेब, देवाचं राज्य आहे का पानाचं दुकान?" हशा पिकला. हशा ही फार वाईट वस्तू. मला चढली. मी नोहावर गेलो. म्हणालो, नोहाच्या काळात लोक काय करत होते? खात होते, पीत होते, लग्नं लावत होते, आणि वरून पूर आला! आजही जो मांडव घालतो, जो साड्या घेतो, तो राज्याची वाट पाहतच नाही. त्याचा विश्वास तोंडचा आहे!

दाजीबा ओरडला, "वा मास्तर!" टाळ्या पडल्या. सकाळीच माझी पुकार वाचलेली आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. उपदेश नेहमी समोरच्यांसाठी असतो ना!

बाहेर चपला घालताना सुलोचनाने मला गाठलं. भोवती माझे चेले होते.

"मास्तर, हे तुमाले खरंच वाटते?"

"खरंच म्हणजे? शंभर टक्के!"

"इतक्या लवकर येईन प्रभू?"

"कधीही. आज रात्रीसुद्धा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं," म्हणाली आणि निघून गेली. दुसरी कोणी असती तर तिथेच भांडली असती. मला वाटलं, पोरगी दिपली.

दुसऱ्या रविवारी दुसरी पुकार झाली. लोक खोकले.

तिसऱ्या रविवारी साहेबांनी नावं वाचली, विचारलं, "कोणाची हरकत?" आणि कागद घडी करायला घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सायेब, मले हाये हरकत."

हरसिंग! हातात पागोटं, चेहऱ्यावर घाम. सगळं चर्च फिरून बसलं.

"बोला हरसिंगभाऊ," साहेब म्हणाले.

"मास्तर बोलले का जो लगन करते तो प्रभूची वाट नाई पाहत. मी घरी गेलो, माह्या पोरीचं लगन थांबवलं. तिची याडी, माय तिची, रडून राह्यली. सोयरे शिव्या देऊन गेले. मी म्हटलं, मास्तरनं पुस्तकातून सांगतलं." त्याने पागोटं या हातातून त्या हातात घेतलं. "आता मास्तरच लगन करतात तं मंग माह्या पोरीचं काहून थांबलं? मले काई समजून नाई राह्यलं, सायेब. म्हून हरकत."

सांगा, यात काय खोटं होतं? चर्चमध्ये त्या दिवशी एकच माणूस खरं बोलला, आणि तो हा.

साहेबांनी मला वळून विचारलं. आवाज नेहमीपेक्षाही हळू. "मास्तर, बोलण्याच्या भरात माणूस पुढे जातो. 'माझं चुकलं' एवढं म्हणा. हरसिंगभाऊच्या पोरीचंही होऊन जाईल, तुमचंही." भला माणूस! ज्याच्या राज्याला मी पानाचं दुकान म्हटलं, तो मला हात देत होता.

दोन शब्द होते. माझं चुकलं. पण मागे दाजीबा पुटपुटला, "मास्तर, माघार नाई घ्यायची! 'आलं'वाले हसतीन." आणि मी 'आलं'वाल्यांकडे पाहिलं. ते खरंच हसायच्या तयारीत होते. मग मी बायकांच्या बाजूला पाहिलं. सुलोचना टक लावून बघत होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "हरकत रास्त आहे. माझं लग्न थांबवा."

आतली गोष्ट सांगू? मला वाटलं होतं, आता सगळे समजूत काढतील. रुसलेला नवरदेव कसा, म्हणतो मी उठणार नाही, आणि एक डोळा सासऱ्याच्या हातातल्या अंगठीवर! तसा मी. कोणीतरी म्हणेल, अहो मास्तर, असं काय करता? पण कोणी म्हणालंच नाही! चर्चमध्ये हरकत मान्य झाली म्हणजे झाली. साहेबांनी कागदावर रेघ ओढली आणि गीताचा नंबर सांगितला. दाजीबाने पेटी इतक्या जोरात वाजवली की भात्याला भोक पडलं.

वाद मी जिंकला होता. 'आलं' पार्टीतली चार घरं त्याच आठवड्यात माझ्याकडे आली. साहेब मात्र सायकल काढून हरसिंगच्या तांड्यावर गेले, सोयऱ्यांच्या पाया पडले आणि त्याच्या पोरीचं लग्न लावून आले. मी गेलो नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे कबूल करायची त्याहून जास्त लाज वाटत होती.

तीन आठवडे मी दम काढला. मग एका संध्याकाळी साहेबांच्या घरी गेलो. मनाशी सगळं जुळवलं होतं. ओसरीवर सुलोचना एकटीच बसली होती आणि तिच्या मांडीवर एक नवाकोरा काळा कोट होता. माझा! कोटाचं कापड आमच्यात नवरीकडचं असतं, म्हणून शिंपी रीतीप्रमाणे शिवलेला कोट नवरीच्या घरी देऊन गेला होता.

"शिंपी म्हणे, मास्तरनं हरकत झाल्यावर सोमवारी येऊन सांगतलं, थांबवू नको, शिव. बाह्या जराशा लांब ठेव. खरं हाये का?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! देवच पावला! माझ्या प्रेमाचा पुरावा आयता तिच्या मांडीवर येऊन बसला होता.

"खरं आहे!" मी म्हणालो. "अगं, रविवारी थांबवा म्हणालो, सोमवारी सकाळी आठ वाजता शिंप्याकडे हजर! लग्न करायचं नाही असं माझ्या मनात एक दिवस आलं नाही."

"म्हणजे चर्चमधे बोलले ते?"

"ते बोलायला लागतं. लोकांसमोर पडतं कसं घ्यायचं?"

"अन् प्रभू आज रात्री येईन, ते?"

मी हसलो. हसलो हो मी! "येईल तेव्हा येईल. त्यासाठी कोणी कोट थांबवतं का?"

कोटाची बाही तिने सरळ केली, घडी घातली.

"मास्तर, त्या रविवारी मी घरी येऊन बाबाले म्हटलं, मी थांबते. दोन वर्षं म्हणा, दहा वर्षं म्हणा. आपल्या विश्वासापायी सगळ्यांच्या समोर मले सोडते, असा माणूस मले दुसरा कुठं भेटन? बाबा नाई म्हणत होते. मी त्यांच्याशी भांडली तुमच्यासाठी." ती रडली नाही. "तुमचा खरंच विश्वास असता ना, तं मी थांबली असती."

आणि तिने कोट माझ्या हातात दिला.

आता बोला! मी खरा असतो तरी ती माझी होती. चुकलो म्हणालो असतो तरी ती माझी होती. दोन्हीकडून वाट मोकळी होती, आणि मी बरोबर मधल्या खड्ड्यात उडी मारली. वर तो खड्डा तिला हौसेने दाखवला! रात्री मी त्या कोटाची उशी करून रडलो. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी तिचं लग्न ठरलं. राजूरच्या खाणीतला कारकून, मुका वाटावा इतका गरीब स्वभावाचा. पहिल्या पुकारीला मी चर्चमध्ये होतो. गेलो नसतो तर लोक काय म्हणाले असते? आणि थंडी होती, अंगावर घालण्यासारखा दुसरा कोट माझ्याकडे नव्हता.

साहेबांनी नावं वाचली. त्या हळू आवाजात विचारलं, कोणाची हरकत? त्या दिवशी कोणी खोकलं नाही. तीस घरं माना वळवून माझ्याकडे पाहत होती. माझे हात काळ्या बाह्यांत आत आत जात होते. तेवढ्यात मागच्या चटईवरून दाजीबा पंच पुढे वाकला. मला वाटलं, हा तरी धीराचं काही बोलेल.

"मास्तर," तो कानाशी म्हणाला, "कोट मस्त बसला बाप्पा तुमाले. बाह्या तेवढ्या लांब झाल्या."