घड्याळाला किल्ली कोण देतं

आमच्या आतोबांइतका अंतराळाचा जाणकार सगळ्या तुळजापुरात दुसरा नव्हता, आणि संकष्टीचा चंद्र सोडला तर त्यांनी मान वर करून आकाशाकडे कधी पाहिलेलं नव्हतं. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, भवानीच्या देवळातले पुजारी. त्यांचं सारं ज्ञान रेडिओवर दर गुरुवारी लागणाऱ्या अवकाशयानाच्या श्रुतिकेतून आलेलं. त्या संध्याकाळी ते सोवळं नेसून रेडिओसमोर बसत, यान उडालं की हात जोडत, आणि मधे कुणी खोकलं तर "यान हलतंय, गप बसा" म्हणून दटावत. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या बसनं आलेल्या यात्रेकरूंना अभिषेकाबरोबर आदल्या दिवशीच्या भागाची कथाही मिळे. एका म्हातारीनं तर यान सुखरूप परत यावं म्हणून नारळ फोडला होता. प्रत्येक भागावर आतोबांचं मत असे, आणि ते खोडून काढणारं माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेलं नव्हतं.

मी हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकलेली, बाबांच्या बदलीमुळं इथं आलेली. चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. मला पुण्याला विज्ञान शिकायला जायचं होतं, आणि बाबांचं एकच म्हणणं होतं, "जी घरात बोलत नाही, ती परक्या गावात काय करील?" त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बोलून दाखवावं लागलं असतं.

एका गुरुवारच्या भागात यानातल्या सगळ्यांना वर्षानुवर्षांसाठी निजवलं गेलं आणि यान एकटंच पुढं निघालं. आत्या, बाबा, शेजारी, सगळे भारावून गेले. आतोबांनी मात्र मान हलवली.

"साफ चुकलं. नवरात्राआधी आमची आई भवानी पलंगावर निजते, तवा आमी पुजारी जागं असतो. हितं समदेच निजले. उठवणार कोण?"

"घड्याळ उठवील," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"व्हय? अन् घड्याळाला किल्ली कोण देतं?"

"निघायच्या आधी देऊन ठेवतात, आतोबा. बेडूक उन्हाळाभर मातीत निजतो. त्याच्या उशाशी कोणता पुजारी बसतो?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. आतोबांनी रेडिओ बंद केला. मग स्वतःच जिंकल्यासारखा चेहरा करून बाबांकडे वळले. "दादासाहेब, आजवर माझ्या मताला कुणी हात लावला न्हाय. ही पोर भांडली. पुण्यात लई चांगली भांडंल. पाठवा. मत माझं बदललेलं न्हाय, पण पाठवा."

बाबांनी पाठवलं. पोराच्या लग्नातही ज्यांनी देवळातली आपली पाळी सोडली नाही, ते आतोबा त्या दिवशी ती भावाला देऊन स्टँडवर आले. कंडक्टरला, पेढेवाल्याला, भेटेल त्याला सांगत होते, "हिनं मला गप केलं." बस सुटताना त्यांनी खिडकीतून एक गजराचं घड्याळ हातात दिलं. "किल्ली दिलीय. तरी म्या हितं जागा हाय."

हल्ली त्यांना ऐकू येईनासं झालंय. सुट्टीत मी गेले की श्रुतिकेचा भाग त्यांच्या कानाशी ओरडून सांगते, ओसरीवर, चारचौघांत. ते डोळे मिटून सगळं ऐकून घेतात आणि मान हलवतात. "साफ चुकलं," म्हणतात, आणि मी भांडायला सुरुवात करीपर्यंत वाट बघत राहतात.