पंधरा किलोंचं माहेर

कुठली विमान कंपनी चांगली, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: जी पंचवीस किलो सामान नेऊ देते ती. जेवण मिळो न मिळो, खुर्ची पुढची असो की शेवटची, पॉइंट साठोत की वाया जावोत. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस कापडाचा धंदा वगैरे करत असावा. प्रत्यक्षात मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून आहे आणि माझी बॅग कधी नऊ किलोंच्या वर जात नाही. तरी दरवेळी मी चार पैसे जास्त देऊन त्याच कंपनीचं तिकीट काढतो. माझ्यासारख्या चिकट माणसाला हे शोभत नाही, असं बायको म्हणते.

पूर्वी मी असा नव्हतो. पूर्वी मी तक्ते करायचो.

धाकटी बहीण बंगळुरात होती आणि तिचं पहिलंच बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या घरात कुणी ठरवावं लागत नाही. नागपुरात प्रताप नगरातल्या घराची मागची खोली आईने चुना देऊन तयारही ठेवली होती. पण सातव्या महिन्यात बहिणीचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तिले इकडं येता येत नाही, तर माहेर तिकडं न्या लागन. माह्यं तिकीट काढ."

आई तोवर विमानात बसली नव्हती. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, पट्टीने रकाने आखले आणि कामाला लागलो. दोन कंपन्या उरल्या. एक स्वस्तातली: पाण्यापलीकडे काही फुकट नाही, खिडकी हवी तर वेगळे पैसे, आणि सामान पंधरा किलो, त्याच्या वर किलोकिलोला पैसे. दुसरी जरा घरंदाज: पंचवीस किलो, गरम जेवण, तिकीट बदललं तरी फार कापत नाहीत, शिवाय पॉइंट. फरक हजार-बाराशेचा. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, सामान किती होईल?

"काय, दोन-चार पुड्या," ती म्हणाली. समोर कढईत डिंक फुलत होता.

त्या दोन-चार पुड्यांवर विसंबून मी स्वस्तातलं तिकीट काढलं आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. जेवण काय, आई घरून भाकरी नेईल. खिडकी काय, ढगच तर असतात बाहेर.

मग पुड्या यायला लागल्या. कन्हानहून मामा तुपाचा डबा घेऊन आला, आपल्या म्हशीचं, आपल्या हातचं. मौद्याजवळ आमची थोडी धानाची शेती आहे, तिथून पेजेसाठी तांदूळ आला. मी म्हणालो, बंगळुरात तांदूळ मिळतो वं आई. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, मुंगवड्या, बाळाच्या धुरीसाठी ओवा आणि वावडिंग, झबली, टोपडी, आणि मऊ झालेल्या जुन्या पातळांची शिवलेली सात दुपटी. हे सगळं एका निळ्या बॅगेत बसवून उरलेल्या फटींत तिने स्वतःचे कपडे कोंबले. तिचा मुक्काम दोन-अडीच महिन्यांचा होता.

घरी काटा नव्हता. मी बॅग स्कूटरवर घेतली आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेलो. आता हे नीट समजून घ्यायला हवं. हा तोच रद्दीवाला, ज्याच्या काट्यावर आमची चार किलो रद्दी वर्षानुवर्षं तीन किलो भरत आलेली. आई महिन्याच्या महिन्याला त्याच्याशी यावरून भांडायची आणि शेवटी रद्दी त्यालाच द्यायची. त्याने बॅग आकड्याला अडकवली, काटा हलला, थांबला. "पंधरालेही कमीच आहे भाऊ," तो म्हणाला.

मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "पाय, म्या म्हटलं नव्हतं?" आणि जागा उरली म्हणून तिने जवसाच्या चटणीची एक पिशवी आणखी खुपसली. एरवी ज्या काट्यावर आमचा काडीचाही विश्वास नव्हता, त्याच्यावर त्या दिवशी आम्हा दोघांचा पक्का बसला, कारण त्याने आम्हाला हवं तेच सांगितलं होतं.

विमानतळावर मी पास काढून आईबरोबर काउंटरपर्यंत गेलो. बॅग पट्ट्यावर ठेवली. आकडा आला अठरा किलो चारशे.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने जास्तीच्या वजनाचे पैसे हळू आवाजात सांगितले. तक्ता करून मी जे वाचवलं होतं ते सगळं त्यात जात होतं, आणि वर जवळजवळ तेवढंच आणखी. हातातली पिशवी आधीच सात किलोंना टेकलेली. मी मनात हिशेब केला. हात खिशाकडे गेला, पण सावकाश गेला. किती सावकाश, ते मला नक्की सांगता येणार नाही. आईने माझ्या हाताकडे पाहिलं एवढं मात्र मी पाहिलं.

ती तिथेच फरशीवर बसली आणि तिने बॅगेची चेन ओढली.

"राहू दे वं आई, भरतो मी."

"काहून? मी काय तिथं मिरवाले चालली?"

तिने आपली पातळं काढायला सुरुवात केली. मागच्या रांगेतली माणसं बघत होती. एक, दोन, तीन. मुलगी काउंटरवरून वाकून म्हणाली, "काकू, कपडे कशाला काढता? लाडू थोडे कमी करा ना."

"पातळ एकच असलं तरी धुवून होते वं पोरी," आई म्हणाली. "लाडू धुवून दोनदा खाता येतेत काय?"

पाच पातळं, दोन परकर आणि एक शाल. आकडा बरोबर पंधरावर आला. मुलीने चिठ्ठी चिकटवली, बॅग पट्ट्यावरून आत गेली. आईने कापडी पिशवीतून भाकरी काढल्या, तो गठ्ठा तिच्यात भरला, पिशवी माझ्या हातात दिली आणि भाकरी पदरात घेऊन आत गेली. अंगावर एक पातळ, हातातल्या पिशवीत एक. वळून म्हणाली, "सांभाळून जाजो, गाडी हळू चालवजो."

मी स्कूटरवर पायांशी आईची पातळं घेऊन घरी आलो. बायकोने दार उघडलं, पिशवीत डोकावली आणि सगळं ऐकून घेतलं. नंतर तिने मी कौतुकाने भिंतीवर लावलेला तो तक्ता काढला, चार घड्या केल्या आणि चुलीजवळच्या डब्याखाली, तेल झिरपतं तिथे, ठेवला.

कुरिअर करतो म्हणालो तर आईने फोनवर साफ मना केलं. भाची झाली, गोरीपान, रडकी. बहिणीने आईसाठी दोन साड्या आणल्या, त्या आईने बारशाला नेसायच्या म्हणून बाजूला ठेवल्या आणि नंतरही काढल्या नाहीत. दोन पातळं आलटून पालटून धुवायची आणि गार हवेत दोन्ही ओली राहिली की बहिणीचा गाऊन घालायचा, असं चाललं होतं. आयुष्यभर पदर डोक्यावरून ढळू न दिलेली माझी आई! बंगळुरात गारठा, शाल माझ्याकडे नागपुरात, म्हणून वरून जावयाचा स्वेटर. बहिणीने फोटो पाठवला: फुलाफुलांचा गाऊन, कोपरापर्यंत दुमडलेला करडा स्वेटर, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि आई खुदकन हसते आहे. फोटो पाहून सगळे हसले. मीही हसलो आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. मला माझी लाज वाटली होती.

ती परत आली तेव्हा मी म्हणालो, "आई, माझं चुकलं."

"तुह्यं काय चुकलं? त्या रद्दीवाल्यानं डुबवलं आपल्याले," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खरोखर त्याच्याशी भांडून आली.

तेव्हापासून मी दुसरी कंपनी धरली ती आजवर. आई त्यानंतर पाच-सहा वेळा बंगळुराला गेली. आता घरी काटा होता, चांगला, पैसे टाकून आणलेला. जायच्या आधी आठवडाभर तो पुढच्या खोलीत मांडलेला असायचा आणि आई लाडवाचा एकेक डबा ठेवून विचारायची, "अजून किती बसन गा?" मी आकडा वाचायचो. ती पंचवीस पुरे करायचीच. त्या आठवड्यात घरभर तूप आणि सुंठ यांचा वास असायचा, आणि ते दिवस मला फार आवडायचे. आता कुणी मला कंपनीची सोय, सवलत असं काही विचारलं की मला तो वास आठवतो.

आई जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात मी बंगळुराला, बहीण-भाचीकडे निघालो. बहीण फोनवर म्हणाली, "काही करून आणू नको, इथं सगळं मिळते. फक्त आईची पातळं आण. ती पाच. मले त्याचं पांघरूण शिवाचं आहे."

कपाटात ती एकावर एक होती. आईने ती शेवटपर्यंत नेसली. मी पाच पातळं, ते दोन परकर आणि शाल त्याच कापडी पिशवीत भरली. विमानतळावर रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर आला तेव्हा पट्ट्यावर फक्त ती पिशवी ठेवली.

"एवढंच सामान? पंचवीस किलो आहे तुम्हाला," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "हे तर हातातही नेता येईल."

"हातातच नेणार आहे. फक्त वजन बघायचं होतं."

आकडा आला तीन किलो शंभर. आईने बॅगेतून काढलं तेव्हा हेच तीन किलो चारशे होतं, मला पाठ आहे.

"काटा बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"बरोबर आहे काका. रोज तपासतात."

मी पिशवी उचलून छातीशी धरली. मागचा माणूस घाई करत होता, म्हणून बाजूला झालो. आईने ती पातळं त्यानंतर इतकी वर्षं नेसली, रोज हाताने धुतली, दोरीवर वाळवली, आणि तेवढी ती झिजली होती.